कारंज्यावरची चौथी बाई

दगडालाही मन असतं. कलावंताचा हात फिरला की पाषाण जागा होतो, श्वास घेतो, प्रेम करतो आणि वेळ आलीच तर सूडही उगवतो. हे त्रिकालाबाधित सत्य आहे आणि ते मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

फक्त एक खुलासा. ज्या पाषाणाबद्दल लिहितो आहे तो पाषाण नव्हता. फायबर होतं. आत बांबूच्या कामट्या, गोणपाट आणि थोडं प्लास्टर.

बाकी सगळं खरं आहे.

गोष्ट गोरेगाव पूर्वेची. दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष, शेवटचा गुरुवार, वेळ दिवेलागणीची. भुताला मध्यरात्र लागते असं आपण उगाच समजतो. मध्यरात्री गोरेगावात निम्मे लोक कामावरून घरी येत असतात, तिथे भुताला कोण विचारतो? खरी ओसाड वेळ संध्याकाळची. प्रत्येक घरात टीव्ही लागलेला असतो आणि खाली चौकात चिटपाखरू नसतं.

ज्यांच्यावर हे गुदरलं त्या कमळताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मूळच्या देवगडकडच्या. खोटं बोलायचंच झालं तर त्या स्वतःच्या वयाबद्दल बोलतील, भुताबद्दल नाही. त्यांनी हे आमच्या घरी, समोरचा चहा पार गार होऊ देऊन सांगितलं. कमळताई चहा गार होऊ देतात यावरूनच आम्ही काय ते समजलो.

त्यांचे यजमान अनंतराव घाडीगावकर. वडील गिरणीत होते. मामाची गावाकडे गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. अनंतरावांचा हात तिथे तयार झाला. पुढे जन्मभर त्यांनी गोरेगावच्या एका स्टुडिओत सिनेमाच्या सेटसाठी साचे काढले. राजवाड्याचे खांब, देवळाचे कळस, जबडा उघडलेले सिंह. हाताने सगळं बोलायचे. तोंडाने मात्र दिवसाला दोन-तीन वाक्यं.

"मीठ." हे एक वाक्य.

"पंखा." हे दुसरं.

तिसरं सणासुदीला.

कमळताई त्यांची दुसरी बायको. पहिली सुगंधा. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच तापाने गेली. वय बावीस. तिचा फोटो नाही. लग्नातला एक होता, तो सासूबाईंनी तिच्याबरोबरच चितेवर ठेवला. त्यामुळे ही बाई दिसायला कशी होती हे कमळताईंना कधीच कळलं नाही.

पण ती घरात होती.

आपल्याकडे दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती. मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात. नवी साडी आली की आधी ती या सवतीच्या टाकाला दाखवायची, पदराला कुंकू लावायचं, आणि मगच स्वतः नेसायची. कमळताईंनी हे सगळं संसारभर केलं. नवरा साडी आणणार आणि घडी मोडणार ती.

याचंही त्यांना इतकं वाटत नसे. जळत होतं ते वेगळ्याच गोष्टीने. अनंतरावांनी पहिल्या बायकोबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. कमळताईंचं म्हणणं असं, की नवरा जिच्याबद्दल कुरकुरतो ती बाई त्याच्या मनातून उतरली म्हणून समजावं. जिच्याबद्दल तो गप्प राहतो, तिने तिथे बिऱ्हाड केलेलं असतं.

अशात हे कारंजं आलं.

अनंतरावांचं स्टुडिओतलं शेवटचं काम म्हणजे एका सिनेमासाठी उभारलेला इटलीतला जुना चौक. पाचशे वर्षांपूर्वीच्या धर्तीचा. मध्यभागी शिल्पांनी भरलेलं कारंजं. वर हातात त्रिशूळ घेतलेला दाढीवाला समुद्रदेव, खाली चार दिशांना चार बाया, प्रत्येकीच्या खांद्यावर घडा, घड्यातून पाणी. सिनेमा अर्धवट बंद पडला. सेट मोडायचं ठरलं. तेव्हा सोसायटीचे चेअरमन राजाराम दळवी यांनी कोणाला तरी धरून ते कारंजं आपल्या दोन इमारतींच्या मधल्या जागेसाठी मिळवलं. आधी त्या जागेत स्कूटर उभ्या असत. राजारामांनी पाटी लावली: 'ऐतिहासिक चौक. येथे गाड्या लावू नयेत.'

कमिटीत चर्चा झाली ती बायांच्या कपड्यांवर. इटलीत त्या काळी हवा गरम असावी. शेवटी चौघींना पदर द्यायचा असा ठराव झाला आणि अनंतरावांनी तो प्लास्टरमध्ये दिला. समुद्रदेवाकडे त्रिशूळ असल्यामुळे सोमवारी त्याच्या पायाशी बेल दिसू लागला. हा शंकर नव्हे, इटालियन आहे, असं राजारामांनी बायकांना समजावून पाहिलं. बायका म्हणाल्या, असेना.

इथपर्यंत सगळं झकास होतं.

टेम्पोतून उतरवताना चौथ्या बाईचं डोकं फुटलं.

मूळ चित्रं सिनेमावाल्यांबरोबर गेलेली. राजाराम म्हणाले, कुठलाही चेहरा लावा अनंतराव, इटलीहून कोण तपासायला येतंय? अनंतरावांनी मान हलवली. पंपरूममध्ये बसून त्यांनी नवा चेहरा घडवला. कुठलं चित्र समोर नाही, कोणी माणूस समोर नाही. हात चालत गेला.

आणि एक चूक झाली.

त्या देशातल्या मूर्तींच्या डोळ्यांत बाहुल्या नसतात. बाकीच्या तिघींना नव्हत्याच. पण गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी झाल्याशिवाय मूर्ती पाटावरून हलत नाही. सगळ्यात शेवटी डोळे. बारीक कुंचला, काळा रंग, श्वास धरून. अनंतरावांनी चेहरा पुरा केला आणि सवयीने...

डोळे काढले.

तिघी आंधळ्या, चौथी बघणारी.

उद्घाटनाला सगळी सोसायटी खाली आली. चाळीच्या दिवसांपासून शेजारी असलेले भिकाजी परब काठी टेकत पुढे गेले, चौथ्या बाईपाशी थांबले आणि बराच वेळ बघत राहिले.

"अरे, ही तर सुगंधावहिनी," ते पुटपुटले.

मग त्यांना शेजारी कमळताई उभ्या दिसल्या. भिकाजींनी लगेच लायटिंगची तारीफ सुरू केली. दिवसाची वेळ होती, लाइट लागलेच नव्हते.

कमळताईंनी वर पाहिलं. इतकी वर्षं गळ्यात बाळगलेली बाई त्यांना पहिल्यांदा दिसली. भुवया जाड, हनुवटीला खळी, तोंडावर हसायला सुरुवात करून थांबल्यासारखा भाव. चांगली देखणी होती. निदान तेवढं तरी नसायला हवं होतं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कोण ती?"

"कुठली?"

"चौथी."

अनंतरावांनी थोडा विचार केला. "साचा," ते म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

त्या दिवशी दिवे लागल्यावर कमळताई एकट्याच खाली उतरल्या. चौकात कोणी नव्हतं. चार घड्यांतून पाणी पडत होतं. त्यांनी गळ्यातला काळा दोरा काढला. टाक मुठीत घट्ट धरला आणि चौथ्या बाईसमोर उभ्या राहिल्या.

"घर झालं ना तुला आता? एवढं मोठं. पाणी चोवीस तास, ते आम्हाला पण नाही. रहा इथे सुखाने. माझ्या मानेवरून उतर."

टाक पाण्यात गेला.

आणि...

आवाज बंद झाला.

पाणी पडतच होतं. चारही घड्यांतून पडत होतं, खालच्या टाकीत तरंग उठत होते. आवाज मात्र नव्हता. कोणी रेडिओचं बटण पिळावं तसा.

कमळताईंनी कानात बोट घालून हलवलं. वर कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, ती स्पष्ट ऐकू आली. म्हणजे कान ठीक होते.

त्या मागे सरकल्या. चौकाची फरशी संपून डांबर लागलं, तसा आवाज परत सुरू झाला. खळखळ, खळखळ. काही झालंच नाही असा.

पुढच्या फरशीवर पाऊल ठेवून बघावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बघितलं नाही. त्या दिवसापासून त्या मागच्या फाटकाने जाऊ-येऊ लागल्या.

मग घरातून वस्तू जायला लागल्या.

पहिला गेला जवळचा चष्मा. टीव्हीवर ठेवलेला. वय झालं की चष्मा हरवतोच, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. मग गुडघ्याला बांधायचा पट्टा गेला. मग कंगवा, तोही पांढरे केस अडकलेला, धुवायचा राहिलेला. मग एका सकाळी वाटीत पाण्यात ठेवलेली खालची कवळी नाही. वाटी जागेवर, पाणी जागेवर.

कपाटातल्या बांगड्यांना कोणी हात लावला नव्हता. रेशमी साड्या तशाच. अनंतरावांची चप्पलही हलली नव्हती. चोराला फक्त कमळताईंचं म्हातारपण हवं होतं.

जिथून वस्तू गेली तिथे वास येई. ओल्या प्लास्टरचा.

आणि अनंतराव संध्याकाळी खाली जायला लागले.

आधी वाटलं, पाय मोकळे करतात. मग दिसलं, ते कुठे जातच नाहीत. कारंज्याच्या कठड्यावर बसतात. घरोघरच्या मालिका संपत आल्या की वर येतात. सदऱ्याच्या बाह्या दमट. कमळताई चहा ठेवायला गेल्या तर म्हणत, "झाला."

"कुठे झाला?"

ते सदरा बदलायला जात. खाली आसपास चहाची टपरी नाही.

एका संध्याकाळी कमळताईंनी खिडकीतून नीट पाहिलं. अनंतराव चौथ्या बाईकडे तोंड करून बसले होते. आणि...

त्यांचं तोंड हलत होतं.

हात हलत होते. मध्येच थांबून, समोरच्याचं ऐकल्यासारखी मान डोलावून, पुन्हा बोलत होते. गुडघ्यावर थाप मारून हसलेसुद्धा.

हा माणूस बोलत होता. 'मीठ' आणि 'पंखा' यांच्या पलीकडे ज्याला शब्द फुटत नव्हता, तो मालिकेच्या मालिका संपेपर्यंत बोलत होता.

कमळताई मला म्हणाल्या, यांनी बाई ठेवली असती तर सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती, पण निदान भांडता आलं असतं. हिच्याशी भांडायचं कसं? ती मेलेली, शिवाय फायबरची.

मुलगी नमिता दहिसरला असते. तिला फोन करून सांगितलं. नमिता बँकेत आहे, सरळ हिशेबाचं बोलते.

"आई, बाबा पुतळ्याशी बोलतात. पुतळा बाबांशी बोलतो का?"

"तेच तर इथून कळत नाही."

 नमिता म्हणाली, बीपीची गोळी घे आणि झोप. कमळताई गोळी घ्यायला गेल्या. गोळ्यांची डबी नव्हती.

दरम्यान राजाराम तक्रार घेऊन आले. चौथ्या बाईच्या डोळ्यांच्या कडांना बारीक तडे गेले होते. मग कपाळाला गेले. मग गळ्याला. हनुवटीखाली फायबर सैल पडल्यासारखं दिसत होतं. बाकीच्या तिघी ऊन खाऊन खडखडीत, गुळगुळीत. राजाराम म्हणाले, अनंतराव, एकीलाच हलका माल वापरलात.  कमळताई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांच्या मनात आलं, फुटू दे. चांगली मधोमध फुटू दे.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. घरात महालक्ष्मीचा घट बसलेला, नैवेद्याला पुरणपोळी. नमिताने आईसाठी नवी साडी पाठवली होती, मोरपंखी रंगाची, घडी न मोडलेली. कमळताईंनी ठरवलं, आज ही साडी कोणाला दाखवायची नाही. कुंकू नाही, काही नाही. मोडायची ती आपणच.

संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं. आणि...

घडी मोडलेली होती.

साडी सबंध उलगडून, परत वेडीवाकडी दुमडून ठेवलेली. पदरावर कुंकवाचं बोट. कुंकू ओलं होतं. त्याच्या कडेने पाण्याचा डाग पसरत होता, अजून पसरत होता.

कपाटात ओल्या प्लास्टरचा वास.

 मग, त्या म्हणतात, भीती संपली. उरला नुसता राग. त्यांनी तीच साडी नेसली. ओला पदर तसाच खांद्यावर घेतला. घटापुढचा दिवा सारखा केला आणि खाली उतरल्या. आज मागच्या फाटकाने नाही. सरळ चौकात.

डांबर संपलं. पहिल्या फरशीवर पाऊल पडलं.

कारंजं मुकं झालं.

पाणी पडतंय, आवाज नाही. आणि त्या शांततेत त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं, आपला नवरा काय बोलतो ते.

अनंतराव पाठमोरे बसले होते. मालवणीत बोलत होते. नमिता शाळेत जायला लागल्यापासून घरात शहरी मराठी आली आणि अनंतरावांची ती बोली कमळताईंनी तेव्हापासून ऐकली नव्हती.

"कमळान आज पुरणपोळी केल्यान," अनंतराव सांगत होते. "तिचो गुडघो दुखता. पण सांगना नाय. माका कळता. जिन्यार हात भितीक लावता ना, तेव्हाच कळता."

कमळताई थांबल्या.

अनंतराव थांबले नाहीत. कमळ डाव्या कुशीवर झोपते. कमळला पेढा आवडतो, पण ती तो दुसऱ्याला देते आणि कागद चाटते. नमिताच्या वेळी कमळ तीन दिवस कळा देत होती आणि ते बाहेर बाकावर बसून गणपतीचे कान घडवत होते, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. कमळच्या कुळथाच्या पिठीची चव कुणाच्याच हाताला नाही. कमळ रागावली की भांडी हळू ठेवते, तेव्हा घाबरायचं. कमळ हसते तेव्हा एक दात दिसायचा, तो आता नाही, पण त्यांना अजून दिसतो.

कमळ, कमळ, कमळ. रोज संध्याकाळी, मालिका संपेपर्यंत.

दुसरी कोणी असती तर तिचे डोळे भरून आले असते. कमळताईंचेही आले, नंतर. आधी आला तो नवा मत्सर. माझं कौतुक. माझं. आणि ते सांगितलं कोणाला? तिला.

त्यांनी मान वर केली.

आणि...

चौथी बाई बावीस वर्षांची नव्हती.

गाल बसले होते. गळ्याला सुरकुत्या, हनुवटीची खळी सुरकुत्यांत गेलेली. फायबरचे काळे केस कपाळापाशी पांढरे, आणि ते रंगवलेले नव्हते, वाऱ्यावर हलत होते. गुडघ्यावर, प्लास्टरच्या निऱ्यांवरून, पट्टा बांधलेला. ओठांआड खालचे दात जरा मोठे. नाकावर चष्मा.

गळ्यात काळा दोरा. दोऱ्यात टाक.

टाकावर बाईची आकृती असते. ती आता कोणाची होती हे कमळताईंना दिसलं नाही. बारीक दिसायला चष्मा लागतो, आणि चष्मा तिच्या नाकावर होता.

सुगंधाच्या हातून आयुष्यात जे निसटलं ते ती गोळा करत होती. दागिने नाहीत, साड्या नाहीत. दुखरा गुडघा, पांढरा केस, कवळी. रोज संध्याकाळी समोर बसून नवरा जिचं म्हातारपण वर्णन करून सांगत होता, तिचंच उचलून आणत होती.

डोळे अनंतरावांनी समोर बघणारे काढले होते. कमळताई उभ्या होत्या बाजूला.

डोळे बाजूला बघत होते.

अनंतराव बोलतच होते. त्यांना काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. ते आता कमळच्या आमटीवर आले होते.

कमळताई कठड्यापर्यंत गेल्या. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट. आणि वर बघून बोलल्या. त्यांच्याही तोंडातून गावची भाषा आली.

"साडी आधी तुका दाखवलंय. कुंकू आधी तुका लावलंय. आयुष्यभर तू पयली नि मी दुसरी. चष्मो हवो तर ठेव, कवळी ठेव, माझो गुडघो ने. पण हे एक मात्र देवचंय नाय."

फायबरच्या ओठांच्या कडेला तडा होता. तो हळूहळू लांबला. आतून पाण्याचा थेंब आला आणि हनुवटीवरून ओघळला.

आणि ती बोलली.

काय बोलली ते कमळताईंनी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. नमिताला नाही, माझ्या बायकोला नाही. एवढंच सांगितलं की त्यांनी अनंतरावांना दंडाला धरून उठवलं, म्हणाल्या चला, पान वाढलंय. अनंतराव झोपेतून उठल्यासारखे उठले. वर आले. ताटावर बसून त्यांनी "मीठ" म्हटलं. मग थोड्या वेळाने, सणासुदीचं वाक्य म्हणून असेल, ते म्हणाले, "साडी बरी दिसते." कमळताईंनी भांडी जोरात ठेवली.

अनंतराव परत कधी खाली जाऊन बसले नाहीत. का जात नाही म्हणून कोणी विचारलं तर म्हणतात, डास आहेत.

हे सगळं मी भ्रम म्हणून सोडून दिलं असतं. वय झालेली बाई, सवतीची सल, उपासाचा दिवस. कोणीही सोडून देईल.

पण गेल्या महिन्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो. कमळताई आम्हाला घ्यायला फाटकाशी आल्या. आम्ही तिघं बोलत बोलत चौकातून निघालो आणि मी मध्येच गप्प झालो. बायकोनेही माझ्याकडे बघितलं.

पाणी पडत होतं. आवाज नव्हता.

मी चौथ्या बाईकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. ती कमळताईंच्या वयाची राहिलेली नाही. ती पुढे गेली आहे. पाठीला पोक आलंय, घडा खांद्यावरून घसरून काखेत आलाय. राजारामांनी मिस्त्री बोलावला होता, तो म्हणाला, फायबर असं वाकत नाही. मग त्याने वर पाहिलं, हत्यारं गोळा केली आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. अजून आलेला नाही.

घरी पोचल्यावर माझा कंबरदुखीचा पट्टा सापडेना. जेवताना खुर्चीवर काढून ठेवला होता. खुर्चीला प्लास्टरचा वास येतो, असं अनंतरावांनी फोनवर सांगितलं. त्यांचं ते त्या दिवसाचं तिसरं वाक्य होतं.

त्यानंतर कमळताई आमच्याकडे आल्या तेव्हा मी सरळ विचारलं. त्या संध्याकाळी ती तुम्हाला काय म्हणाली? शाप दिला का? नवरा मागितला का? की परत येईन म्हणाली?

कमळताईंनी गार झालेल्या चहावरची साय बोटाने बाजूला केली. त्या कंटाळल्यासारख्या दिसत होत्या, आणि थोड्या दुखावल्यासारख्याही.

ती म्हणाली, "ह्यांका जरा वर घेवन जा गो बाय. लय बडबडतत."